ओही कोण म्हणालं?

प्रिय बाळ,

काल तुझा फोन ठेवला आणि झोप उडाली. ग्रीसनं १९४० साली इटलीला 'नाही' म्हटलं, त्या 'ओही' दिनाच्या शाळेतल्या कार्यक्रमाच्या भर तालमीत नववीतला मुलगा विचारतो, "मिस, तेव्हाचा ग्रीक पंतप्रधान मेटाक्सास हुकूमशहा होता ना? मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?" आणि तू त्याला गप्प बसवतेस. वर मला म्हणतेस, मी साताऱ्याची, ग्रीकांच्या घरच्या गोष्टीत तोंड कशाला घालू?

सातारा राहू दे बाजूला. मुलाच्या तोंडी असं वाक्य घालू नकोस, ज्यावर कुणी प्रश्न विचारला तर ते मूल उघडं पडेल. तीस वर्षं मेलबर्नमध्ये इतिहास शिकवून माझ्या हाती एवढंच लागलं.

तुझ्या संहितेतलं पहिलं वाक्य बघ. '२८ ऑक्टोबर १९४० रोजी मेटाक्सास गरजले, ओही!' कुठे गरजले? पहाटे तीनच्या सुमाराला इटलीचा राजदूत ग्रात्सी त्यांच्या घरी आला, आमच्या सैन्याला वाट द्या म्हणून. कागद वाचून ते फ्रेंचमध्ये म्हणाले, म्हणजे युद्धच तर. 'ओही', म्हणजे 'नाही', हे लोकांच्या तोंडी झालं. आणि हुकूमशहा तर ते होतेच, १९३६ च्या ऑगस्टपासून. हे सांगितल्यानं दिवस लहान होत नाही. पिंडस डोंगरांच्या चढणीवर पाठीवर दारूगोळा वाहून नेणाऱ्या बायका काही मेटाक्साससाठी चढत नव्हत्या. त्या पोराचा प्रश्न कार्यक्रमातच घे. त्यालाच विचारू दे, माइकवर.

माझं ऐक. खूप वर्षांपूर्वी मेलबर्नच्या श्राइनच्या, म्हणजे युद्धस्मारकाच्या, पायऱ्यांवर एका मुलाच्या त्सारूहीचा, त्या ग्रीक पारंपरिक जोड्याचा, गोंडा निघाला. मी गुडघ्यावर बसून पिन लावत होते. तो वरून हळूच म्हणाला, "मिस, आमची यायया, म्हणजे आजी, पावाचा तुकडासुद्धा टाकू देत नाही. तिची धाकटी बहीण अथेन्समध्ये भुकेनं गेली. ते सांगू?" तोंडात पिन धरून मी म्हटलं, आता नको, ठरलेलं म्हण. त्यानं 'अमर वीरांनो' म्हटलं, एकही चूक न करता. यायया पहिल्या रांगेत, काळ्या कपड्यांत. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं उपाशी मरत होती. देश व्यापून बसलेल्या शत्रूच्या फौजांनी अन्न उचललं होतं आणि ज्यांच्या बाजूनं ग्रीक लढले, त्या ब्रिटिशांच्या नाकेबंदीनं बाहेरचं धान्य अडलं होतं. हे सगळं त्या पोराच्या एका वाक्यात आलं असतं.

बस बाराला सुटायची होती. चाळीस पोरं, मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघताहेत. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तूही करशील, म्हणून तर लिहितेय.

आमच्या घरात तरी वेगळं काय झालं? आजोबा मराठा पलटणीतून १९४४ साली इटलीत होते. पंधरा ऑगस्टला मी 'शूर जवानांस वंदन' घडाघडा म्हणून कंपासपेटी जिंकले. ते समोर बसले होते, बिडी विझवून. इटलीत कुठे, कुठल्या नदीकाठी, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारणार कुणाला?

म्हणून पाठांतर बंद कर. प्रत्येकाला घरी पाठव, एक प्रश्न घेऊन: आपलं गाव कुठलं, तिथे युद्धाच्या त्या वर्षांत काय झालं. कुणी कलाव्रिताचं निघालं तर जपून. १३ डिसेंबर १९४३ ला जर्मनांनी त्या ग्रीक गावातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. चर्चचं घड्याळ अजून २:३४ वर आहे. त्या मुलाला पुढे ढकलू नकोस. १९४६ ते ४९ च्या यादवीबद्दल पुष्कळ घरांत अवाक्षर निघत नाही. मूल नुसतं "आमच्याकडे त्यावर बोलत नाहीत" म्हणालं तरी चालेल. ते त्याचं वाक्य आहे, विचारलं तर त्याला उत्तर देता येईल. (तिसऱ्यांदा सांगतेय, मला माहीत आहे.)

जी मुलं ग्रीक नाहीत त्यांना नुसती झेंडे धरायला उभी करू नकोस. एप्रिल १९४१ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या वेव्हीच्या खिंडीत ऑस्ट्रेलियन पोरं बर्फात लढली, मे महिन्यात क्रीटवर. अथेन्सजवळ फालेरोनच्या युद्धस्मशानात आपल्याकडच्या, भारतातल्या, सैनिकांचीही नावं आहेत. साताऱ्याचं काय, ते तिथे शोध.

आणि गोंडे आदल्या दिवशी शिवून घे. दोऱ्यानं, दुहेरी. पिन टिकत नाही.

तुझी,
मावशी