बाळाला न पचणारी दुधातली साखर

प्रश्न : माझी नात चार महिन्यांची आहे. आईच्या दुधातील साखर बाळाला रोगजंतूंपासून वाचवते, असे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. साखरेवर तर जंतू पोसतात, मग हे कसे? सूनबाई लवकरच अंधेरीच्या कार्यालयात रुजू होणार आहे. काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधात हा गुण टिकतो का? शेजारच्या काकू मध चाटवायला सांगतात. तीही साखरच, मग चालेल का?
— एक आजी, लालबाग, मुंबई

उत्तर : आजी, साखरेवर जंतू पोसतात हे आपले म्हणणे खरेच आहे, प्रश्न एवढाच की कोणत्या साखरेवर कोणते जंतू पोसतात. आईच्या दुधाला गोडी येते ती लॅक्टोजमुळे. एका लिटरमध्ये ते सुमारे 70 ग्रॅम असते, बाळाला पचते आणि त्यातून त्याला शक्ती मिळते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या साखरा निराळ्या आहेत. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज यांसारखे पाचच प्रकारचे मणी वेगवेगळ्या क्रमाने ओवून त्यांच्या लहानमोठ्या माळा बनतात आणि अशा दीडशेहून अधिक माळा आजवर ओळखल्या गेल्या आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. एका लिटर दुधात त्या साधारण 5 ते 15 ग्रॅम असतात, चिकाच्या दुधात त्याहून जास्त, आणि गाईच्या दुधात मात्र अगदी नाममात्र. पहिले पिवळसर दूध पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून पाळली जाते, तेव्हा नेमका हाच ठेवा वाया जातो, याचे मला फार वाईट वाटते.

नवल असे की या माळा बाळाला पचतच नाहीत. बाळंतिणीचे शरीर स्वतःची शक्ती खर्चून त्या बनवते आणि त्या जवळजवळ जशाच्या तशा बाळाच्या मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे बिफिडोबॅक्टेरियम नावाचे उपकारक जिवाणू, विशेषतः त्यांतील इन्फॅन्टिस हा प्रकार, त्यांच्यावर वाढतो. हे जिवाणू त्यांपासून ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, आतड्यातील आम्लता वाढते, आणि अनेक उपद्रवी जंतूंना तेथे जम बसवता येत नाही.

दुसरे काम फसवणुकीचे आहे. आतड्याच्या अस्तरावरील पेशींवरही साखरेच्या अशाच साखळ्या असतात आणि अनेक रोगजंतू आधी त्यांना चिकटतात, मगच आजार सुरू होतो. जुलाब घडवणारा कॅम्पायलोबॅक्टर हा त्यांपैकी एक. दुधातील काही माळांची टोके हुबेहूब पेशींवरील साखळ्यांसारखी असल्याने जंतू पेशीऐवजी त्या माळेलाच धरून बसतो आणि शीबरोबर दुपट्यात बाहेर पडतो.

यापुढचा एक धागा अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडला. नवजात बाळांमध्ये रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवू शकणाऱ्या ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जंतूवर त्यांनी प्रयोगशाळेत या साखरांची परीक्षा घेतली. काही मातांच्या दुधातील साखरांनी जंतूंची वाढ रोखली आणि ज्या चिकट थराच्या आडोशाला ते राहतात, तो थरही विस्कटला. मात्र सर्वच मातांच्या नमुन्यांचा परिणाम सारखा नव्हता. त्याचे कारण असे की कोणत्या माळा बनणार हे आईच्या जनुकांवर ठरते. उदाहरणार्थ, सुमारे पाचांतील एका स्त्रीच्या दुधात फ्युकोजच्या एका विशिष्ट जोडणीच्या माळा जवळजवळ नसतात. म्हणून तिचे दूध कमअस्सल, असे कृपया कोणी समजू नये. संरक्षणासाठी दुधात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन हे जंतुरोधक प्रथिन आणि जिवंत पेशीही असतात.

काढून ठेवलेल्या दुधाबद्दल आपण निश्चिंत असावे. आपल्या घराजवळच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी पेढी, सुरू झाली. अशा पेढ्यांमध्ये दूध सामान्यतः 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवतात. त्यात प्रतिपिंडे काही प्रमाणात घटतात, पण या साखरा टिकून राहतात. मग फ्रिजच्या थंडीने त्यांचे काय बिघडणार? घरी मात्र हे दूध उकळू नये. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करावे. मुंबईच्या उकाड्यात ते बाहेर न ठेवता लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवावे आणि भांड्यावर तारीख व वेळ लिहावी. पाजायला बोंडल्यापेक्षा वाटी-चमचा बरा, कारण बोंडल्याची चोच आतून नीट घासता येत नाही.

मध मात्र एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरसुद्धा चाटवू नये. त्यात बोटुलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते रुजून बाळाचे स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. काकूंना हे कारण सांगितलेत, तर त्याही आग्रह धरणार नाहीत.