उंदीर बरा झाला, बाबा कधी?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. लेव्होडोपाची गोळी दिवसातून चारदा चालू आहे. भावाने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली, की नव्या औषधाने उंदरांचा पार्किन्सन्स पूर्ण बरा झाला. ते भारतात कधी मिळेल? तोवर जुनी गोळी कमी करू, उगाच सवय नको, असं वडिलांचं म्हणणं आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी गोळीचं. ती आपल्या मनाने कमी करू नका. एकदम बंद केली तर अंग ताठतं, ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. आणि ही गोळी व्यसनासारखी लागत नाही. डोस वाढवावा लागतो तो आजार पुढे सरकतो म्हणून.

आता उंदीर. उंदराला आपणहून पार्किन्सन्स होत नाही, तो घडवावा लागतो. मी फार्माकॉलॉजी शिकवायचे तेव्हाची सगळ्यांत स्वस्त पद्धत म्हणजे हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारावरच्या औषधाचं इंजेक्शन. मग उंदराचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे. एरवी लगेच खाली उतरणारा तो प्राणी ठेवला तसाच उभा राहतो, आणि आपण स्टॉपवॉच धरून बसायचं. औषध दिल्यावर लवकर उतरला, की म्हणायचं गुण आला. दुसऱ्या पद्धतीत मेंदूच्या एकाच बाजूला विष टोचतात. मग विशिष्ट औषध दिलं, की उंदीर गोल गोल फिरतो आणि त्याच्या फेऱ्या मोजायच्या. दोन्हीकडे दुखणं काही तासांत किंवा दिवसांत उभं केलेलं. तुमच्या बाबांच्या मेंदूतल्या पेशी मात्र वर्षानुवर्षं झिजत आल्यात.

म्हणून हे प्रयोग फुकट, असं मी म्हणणार नाही. बाबांची गोळी तिथूनच आली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेतलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या सर्पगंधेच्या गुणाबद्दल लिहिलं आणि ती जगभर पोचली. तर रेसरपिनने ससे कान पाडून निपचित बसले. लेव्होडोपा टोचल्यावर थोड्याच वेळात त्यांचे कान उभे राहिले. पुढे व्हिएन्नात, मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे लेव्होडोपापासून बनणारं, हालचालीला लागणारं रसायन, खरंच कमी आढळलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

माकडांचंही ऋण आहेच. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं ड्रग घेतलेली काही तरुण मुलं अचानक थिजली. त्यातलं एमपीटीपी हे विष माकडांना दिल्यावर तोच आजार दिसला. उंदरांच्या बऱ्याच जातींना मात्र ते फारसं बाधत नाही, हेही लक्षात घ्या. अशाच माकडांवरच्या कामाचा मेंदूत तार बसवण्याच्या शस्त्रक्रियेला, म्हणजे डीबीएसला, मोठा आधार मिळाला. त्या माकडांचे हाल झाले, ते मी झाकून ठेवणार नाही.

पण यातून मिळालं ते लक्षणं हलकी करणारं. आजार थांबवणारं औषध अजून हाती नाही. इस्राडिपिन हे रक्तदाबाचं औषध घ्या. उंदरांत त्याने पेशी वाचवल्या. मग ३३६ रुग्णांना तीन वर्षं देऊन पाहिलं, आणि २०२० मध्ये निकाल आला : औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा काही फरक नाही. उंदरांना असं औषध पुष्कळदा विषाच्या आधी किंवा बरोबर देतात. आपला रुग्ण डॉक्टरकडे जातो तेव्हा बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात.

तेव्हा भावाला एवढंच विचारा : औषध विषाआधी दिलं की नंतर? माणसांवर चाचणी झाली का? बातमीत उत्तर नसेल, तर औषध कधी मिळेल याची तारीख कुणीच देऊ शकणार नाही.

तोवर करण्यासारखं एक आहे. गोळीची वेळ आणि हालचाल अडखळण्याची वेळ आठवडाभर वहीत लिहा. डॉक्टरांची हरकत नसेल तर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या. उसळ, दूध, पनीर यांच्याबरोबर घेतली तर काहींना ती नीट लागू पडत नाही. वही पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. डोस बदलायचा की नुसती वेळ, ते त्यावरून त्यांना ठरवता येईल.