नेपोटिझम म्हणजे घराणेशाही नव्हे

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन पोपांच्या भ्रष्टाचारावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘नेपोटिझम’ला ‘घराणेशाही’ म्हटलं तर चालेल का, आणि त्याच लेखातल्या ‘सायमनी’ला मराठीत काय म्हणावं?

पहिल्याचं उत्तर: नाही चालणार. (दुसऱ्याचं शेवटी.) वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी नेपोटिझमचं भाषांतर ‘घराणेशाही’ असं ठरवूनच टाकलं आहे, आणि ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. घराणेशाहीत गादी असते आणि ती वारशाने पुढे जाते. पोपची गादी वारशाने मिळत नाही. पोप निवडला जातो. शिवाय त्याला कायदेशीर मूलबाळ असायचं कारण नाही, कारण 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनंतर पाद्र्याचं लग्नच चर्चच्या कायद्याने रद्दबातल ठरत होतं. मग आधीच्या पोपांनी नेमलेल्या, आपल्याला वाकड्यात पाहणाऱ्या कार्डिनलांच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या, गराड्यात नव्या पोपने विश्वास टाकायचा कोणावर? भावाच्या किंवा बहिणीच्या मुलावर. इटालियनमध्ये त्याला ‘निपोते’ म्हणतात आणि नेपोटिझम तिथूनच आला. आपल्या माणसाची वर्णी लावणं हा त्याचा गाभा आहे.

इथवरचं कुठल्याही कोशात सापडतं. खरी गंमत निपोतेच्या मागे आहे. लॅटिनमध्ये हा शब्द ‘नेपोस’ असा आहे आणि अभिजात लॅटिनमध्ये त्याचा पहिला अर्थ पुतण्या नसून नातू असा आहे. ऋग्वेदातला ‘नपात्’ हा याचाच सख्खा भाऊ. दुसऱ्या मंडलातलं पस्तिसावं सूक्त ज्या ‘अपां नपात्’ देवतेचं आहे, ती ‘पाण्याचा नातू’. नंतरच्या संस्कृतात ‘नप्तृ’, प्राकृतात ‘नत्तु’ आणि मराठीत ‘नातू’. सप्त, सत्त, सात या वाटेने जो शब्द गेला, त्याच वाटेने हाही आला. फारसीतला ‘नवासा’ याच कुळातला. आपली ‘नात’ आणि इंग्रजीतली ‘नीस’ याही एकाच मुळाच्या. म्हणजे नेपोटिझम या शब्दात आपल्या घरातला नातू जसाच्या तसा बसलेला आहे!

इथे काही हौशी व्युत्पत्तिकार ‘नातं’ हा शब्दही नातवाच्या मागे लावून देतात आणि ‘नेपोटिझम म्हणजे नात्याचं राजकारण’ असं जुळवतात. हे साफ चूक आहे. नातं हा शब्द ‘ज्ञाति’च्या कुळातला. ज्ञाति म्हणजे जाणलेला, ओळखीचा, आप्त. नातू आणि नातं मराठीत येईपर्यंत सारखे दिसू लागले एवढंच. दिसण्यावरून सोयरीक जुळवणाऱ्यांनी निदान ध्वनिबदलाचे नियम तरी उघडून पाहावेत.

नपात् मुळात कशापासून झाला, यावर एक जुनं मत आहे: न + पति, म्हणजे ज्याच्या हाती अजून सत्ता नाही तो. पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत. मला ते अतिशय आवडतं आणि ते इतक्या घाईने मोडीत काढलं जातं याचा रागही येतो. पाणिनीने सहाव्या अध्यायातल्या एका सूत्रात (6.3.75) ज्या शब्दांमधला नकार ‘न’ तसाच टिकून राहतो त्यांची यादी दिली आहे: नकुल, नख, नपुंसक, नक्षत्र आणि त्यांच्याच पंगतीत नपात्. पाणिनीची फोड ‘पति’ची नाही, हे कबूल. पण या शब्दाच्या पोटात नकार आहे, हे त्याच्याही कानाला जाणवलं होतं. घरात आजोबा धनी असेपर्यंत नातवाच्या हाती काही नसतं, हा अर्थ मला अगदी सहज वाटतो. आणि ज्याच्या हाती मुळात काही नाही त्याच्या हाती सगळं देणं, यापेक्षा नेपोटिझमची नेमकी व्याख्या कोणती करणार?

नेपोसला लॅटिनमध्ये आणखी एक अर्थ होता: उधळ्या. रोममध्ये 1471 साली सिक्स्टस चौथा पोप झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने दोन निपोतेंना कार्डिनल केलं. एक पिएत्रो रियारिओ, बहिणीचा मुलगा. दुसरा जुलियानो देल्ला रोव्हेरे, भावाचा मुलगा. पिएत्रोने 1473 मध्ये नेपल्सच्या राजाच्या मुलीला रोममध्ये दिलेली मेजवानी सगळ्या इटलीत गाजली, आणि पुढच्याच वर्षी तो ऐन विशीत मरण पावला. त्याच्या बाबतीत भाचा आणि उधळ्या हे नेपोसचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरले. जुलियानो मात्र टिकला आणि 1503 मध्ये ज्युलियस दुसरा या नावाने स्वतः पोप झाला.

मराठी माणसाला इथे जे दिसतं ते इटालियन शब्दात दिसतच नाही: पिएत्रो भाचा होता आणि जुलियानो पुतण्या. कॅलिक्स्टस तिसऱ्याने 1456 मध्ये कार्डिनल केलेला रॉड्रिगो बोर्जा हाही बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. तोच पुढे अलेक्झांडर सहावा झाला. म्हणून ‘भाई-भतीजावाद’ हा हिंदीतून उचललेला शब्द मराठीत निरुपयोगी आहे. भतीजा म्हणजे फक्त पुतण्या. रॉड्रिगो आणि पिएत्रो त्यात बसत नाहीत. ‘गोतशाही’ असाही शब्द सुचवला जातो, पण गोत्र बापाकडून येतं आणि बहिणीचा मुलगा परगोत्री. ‘वशिलेबाजी’ तर मुळीच नको. वशिला म्हणजे मध्यस्थ, आणि पोप स्वतःच्या भाच्याला पद देतो तेव्हा मध्ये कोणी नसतो.

आणखी एक समज जवळपास प्रत्येक लेखात डोकावतो: ‘पोप आपल्या अनौरस मुलांना पुतणे म्हणवत, म्हणून हा शब्द.’ कोशकारसुद्धा ही चविष्ट गोष्ट न तपासता छापतात. शब्द त्यावरून झालेला नाही. वर सांगितलेले तिघेही इतिहासकारांच्या मते खरोखरचे भाचे-पुतणे होते, आणि लपवाछपवी ही काही रीत नव्हती. अलेक्झांडर सहाव्याने 1493 मध्ये सेझारेला कार्डिनल केलं, तेव्हा तो त्याचा मुलगा आहे हे रोमला ठाऊक होतं. पॉल तिसऱ्याने 1534 मध्ये आपल्या दोन नातवांना कार्डिनल केलं, एक चौदा वर्षांचा आणि एक सोळा. म्हणजे नेपोसचा जुना अर्थ सोळाव्या शतकातही जिवंत होता!

नेपोटिझम हा शब्द रूढ व्हायला मात्र सतरावं शतक उजाडलं. 1667 मध्ये ग्रेगोरिओ लेतीने रोमच्या ‘निपोतिस्मो’वर पुस्तक लिहिलं आणि ते युरोपभर वाचलं गेलं. 1692 मध्ये इनोसंट बाराव्याने फर्मान काढून ही चाल बंद केली: एका वेळी एकच नातेवाईक कार्डिनल, तोही लायक असला तर, आणि त्याचं उत्पन्न बारा हजार स्कुदींपुरतं (स्कुदी हे तेव्हाचं इटालियन नाणं) मर्यादित. चाल मात्र शब्दापेक्षा कितीतरी जुनी. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात पोप निकोलस तिसऱ्याला नरकात खडकाच्या भोकात डोकं खाली, पाय वर असं उलटं खोवून ठेवलं आहे आणि त्याच्याच तोंडून वदवलं आहे की अस्वलाच्या पिल्लांचं भलं करण्याच्या हावेपायी मी वर पैसा थैलीत भरला आणि इथे स्वतः थैलीत पडलो. निकोलस ओर्सिनी घराण्यातला, आणि ओर्सो म्हणजे अस्वल, आपल्या ‘ऋक्षा’चा भाऊबंद.

तर तुमच्या अनुवादात सिक्स्टस किंवा निकोलससाठी ‘सग्यासोयऱ्यांची वर्णी लावली’ असं सरळ लिहा. नामच हवं असेल तर ‘सगेसोयरेशाही’. सोयरे आले की भाचाही आत येतो. ‘घराणेशाही’ दहाव्या-अकराव्या शतकांसाठी राखून ठेवा, कारण तिथे ती खरोखर होती. रोमवर मारोझिया ही सरदार घराण्यातली बाई आणि तिचा मुलगा यांची हुकमत होती, आणि 955 मध्ये तिचा नातू जॉन बारावा विशीही न गाठता पोप झाला. पुढे त्याच कुळातल्या टस्कुलमच्या सरदारांनी बेनेडिक्ट आठवा, मग त्याचा भाऊ जॉन एकोणिसावा आणि 1032 मध्ये त्यांचा पुतण्या बेनेडिक्ट नववा, असे लागोपाठ तीन पोप दिले.

या बेनेडिक्ट नवव्याने 1045 मध्ये पैसे घेऊन पोपपदच आपल्या धर्मपित्याला देऊन टाकलं. तीच सायमनी. येशूचा शिष्य पीटर याला पैसे देऊ करून पवित्र आत्म्याची शक्ती विकत मागणाऱ्या सायमन नावाच्या जादूगारावरून हे नाव पडलं. ती कथा बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात आहे. मराठीत ‘धर्मपदांची विक्री’ लिहा, आणि पहिल्या उल्लेखाला ‘सायमनी’ हा शब्द सोबत ठेवा.