दुपारी चारला हात का थरथरतात?

प्रिय मावशी,

मी ४१ वर्षांची, नाशिकला असते. पाच वर्षांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन, गॅस्ट्रिक बायपास, केलं. ११८ किलोंवरून दीड वर्षात ७४ वर आले, आणि आता पुन्हा ९३ झाले आहे. सर्जन म्हणतात, पाउच, म्हणजे जठराची केलेली लहान पिशवी, ताणलं गेलं असेल, रिव्हिजन, म्हणजे पुन्हा ऑपरेशन, करून आतडं आणखी खाली जोडू. पुढच्या महिन्याची तारीखही दिली आहे. नवरा म्हणतो, एकदा पैसे घातले, आता एफडी मोडणार नाही, तुझा जिभेवरच ताबा नाही. चुकतंच माझं. दुपारी चारच्या सुमाराला हात थरथरतात, घाम फुटतो, काही खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटांचा पुडा असतोच. गुरुवारी उपवास असतो, तेव्हा जास्तच. मुलीला स्कूटीवरून क्लासहून आणायच्या आधी दहाएक बिस्किटं आणि चहा होतोच. शुगर तपासली होती, नॉर्मल आहे. रिव्हिजन करू का? आणि नवऱ्याला कसं पटवू?

— एक वाचक

अगं, नवऱ्याचं राहू दे बाजूला. ते थरथरणारे हात आधी.

तू ते गुन्हा कबूल करावा तसं एका ओळीत उरकलंस, आणि अख्ख्या पत्रात महत्त्वाचं तेवढंच आहे. नुसतं खावंसं वाटलं म्हणून कुणाला दरदरून घाम फुटत नाही. रक्तातली साखर घसरली की फुटतो. तुझी साखर दुपारी घसरत असावी असा माझा दाट संशय आहे, आणि बायपास झालेल्यांमध्ये हे ओळखीचं दुखणं आहे.

बायपासमध्ये जठराचा वरचा, साधारण ३० मिलिलिटरचा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न थोडंथोडं पुढे सोडणारी जठराच्या टोकाची झडप त्या वाटेवर उरतच नाही. त्यामुळे भात, पोहे, चहा-बिस्किटं झरझर आतड्यात उतरतात आणि साखर एकदम रक्तात चढते. आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक भरमसाट सुटतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं, आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर कोसळते. हा त्रास बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो, त्यामुळे त्याचा संबंध ऑपरेशनशी कुणी लावत नाही. तुझी ‘नॉर्मल’ शुगर उपाशीपोटीची असणार, फार तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. दोन्हींत हे सापडत नाही. पहाटे कोरड्या असलेल्या रस्त्यावर दुपारी पाणी तुंबतं का, ते पहाटे बघून कसं कळेल?

आता तुझी बिस्किटं मोजू. एका ग्लुकोज बिस्किटात चार ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दहा बिस्किटं आणि दोन चमचे साखरेचा चहा म्हणजे पन्नास ग्रॅम झाले. थरथर थांबवायला १५ ग्रॅम पुरतात. उरलेल्या पस्तीस ग्रॅमवर पुन्हा इन्सुलिन उसळतं आणि सहा-सातच्या सुमाराला पुन्हा भूक खवळते. हे वर्षानुवर्षं रोज चाललं तर वजन चढायला वेगळं कारण लागत नाही. गुरुवारचं कोडंही त्यातच सुटतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. उपवास धरायचाच असेल तर साबुदाणा आणि बटाटा सोड; दही, पनीर, दाण्याची आमटी यांवर धर.

म्हणून एकच सांगते: पुढच्या महिन्याची तारीख रद्द कर आणि ग्लुकोमीटर आण. दोन आठवडे, हात थरथरले की खाण्याच्या आधी साखर मोज. हात साबणानं धुऊन, पुसून कोरडे कर. बोटाला बिस्किटाचा चुरा असेल तर आकडा खोटा चढा येतो. टोच बोटाच्या कडेला, मधोमध नको. वहीत वेळ, आकडा, त्याआधी काय आणि किती वाजता खाल्लं, आणि साखर घेतल्यावर किती वेळात बरं वाटलं, एवढं लिही. ७० च्या खाली गेली तर साखर घसरते आहे. ५४ च्या खाली गेली तर हे गंभीर आहे, मग दोन आठवडे पुरे करत बसू नकोस. दंडावर लावायचा सेन्सर घेतलास तर दिवसभराचा चढउतार दिसेल, पण तो खालच्या आकड्यांना चुकतो, तेव्हा बोट टोचून खात्री कर.

ती वही एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे, ने. कुणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी करू म्हणालं, तर बायपास झालंय हे ठणकावून सांग. त्या पाण्यानं तुला डम्पिंग होईल, म्हणजे साखर एकदम आतड्यात उतरून मळमळ, घेरी, जुलाब होतील, आणि तसंही या निदानाला ती तपासणी योग्य धरत नाहीत.

हात थरथरतील तेव्हा पुडा उघडायचा नाही. चहाचे सपाट तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घे, पंधरा मिनिटं थांब, पुन्हा मोज. साखर वर आली की मूठभर दाणे किंवा पनीरचा तुकडा खा, नाहीतर ती परत घसरेल. आणि स्कूटी! साखर नुकती घसरलेली असताना तू रहदारीतून मुलीला मागे बसवून आणतेस, हे वाचून माझा जीव वरखाली झाला. निघण्याआधी मोजल्याशिवाय किल्लीला हात लावू नकोस. ९० च्या खाली असेल तर आधी साखर वर आण, मगच नीघ.

रोजचं जेवण आजपासून बदल. एका वेळी कर्बोदकं ३० ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान पोळी किंवा अर्धी भाकरी, आणि भात असेल तर पोळी नाही. ताटातली प्रथिनं आधी संपव: दोन अंडी, १०० ग्रॅम पनीर, मासे, घट्ट उसळ. पोळी सगळ्यात शेवटी. जेवताना पाणी, ताक काही नाही. अर्ध्या तासानं पी. चहा बिनसाखरेचा. तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नकोस. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं व्हायला हवीत, आणि तुझ्या पत्रावरून वाटतं की निम्मीसुद्धा होत नसावीत.

एवढं करूनही आकडे खालीच राहिले तर डॉक्टर अकार्बोज देतात. ती गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. तिनं स्टार्च सावकाश पचतो. पोटात गॅस होतो. ती चालू असताना साखर घसरली तर साधी साखर किंवा बिस्किट लवकर उपयोगी पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. हे लक्षात ठेव, कारण ते सांगायचं कित्येकदा राहून जातं.

आता रिव्हिजन. ‘ताणलं असेल’ यावर पोट उघडू देऊ नकोस. एंडोस्कोपी करून पाउच किती मोठं आहे, पाउचला जोडलेल्या आतड्याचं तोंड दोन सेंटीमीटरच्या वर रुंदावलंय का, आणि पाउच व बाजूला राहिलेल्या जुन्या जठरामध्ये फिश्चुला, म्हणजे चोरवाट, पडली आहे का, हे आधी बघायला लावायचं. बेरियमचा एक्स-रेही काढून घ्यायचा. चोरवाट निघाली तर ऑपरेशनचा विचार खरोखरच करावा लागेल. तोंड रुंद असेल तर ते एंडोस्कोपीतून टाके घालून लहान करता येतं. त्यानं अन्न सावकाश उतरतं आणि साखरेच्या घसरणीलाही फरक पडू शकतो. पण आतडं आणखी खाली जोडणं ही वेगळी गोष्ट आहे. अन्न शोषणारी लांबी घटते, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात, पातळ जुलाब मागे लागतात. आधीच प्रथिनं कमी खाणाऱ्या बाईला हे झेपणारं नाही. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासून घे, आणि गोळ्या मध्येच सोडल्या असशील तर तेही डॉक्टरांना खरं सांग.

नवऱ्याला पटवत बसू नकोस. चार वाजता आकडा आला की त्याला फोटो पाठव.

आणि एक. सकाळी उपाशीपोटी किंवा रात्री झोपेत साखर खाली गेली, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपली, तर हे नेहमीचं दुखणं समजून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठ. साखर मधुमेहाच्या गोळ्यांनी किंवा स्वादुपिंडाच्या गाठीनंही खाली जाते, ते तपासायलाच हवं. बेशुद्ध असताना तोंडात काहीही घालायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेव, मुलीलासुद्धा.

— मावशी