सुंठ, मिरी, पिंपळी: तिन्ही तिखट, मग फरक कुठे?

प्रश्न : सुंठ आणि मिरी दोन्ही तिखट, दोन्ही उष्ण. मग एकाऐवजी दुसरी का चालत नाही?

उत्तर : कारण चव ही फक्त पहिली पायरी. आयुर्वेद वनस्पती पारखतो ती रस (चव), गुण (स्निग्ध, रूक्ष, जड असे धर्म), वीर्य (उष्ण की थंड), विपाक (पचल्यानंतरचा रस) आणि प्रभाव (त्या द्रव्याचा खास परिणाम) अशा पाच अंगांनी. सुंठ स्निग्ध (ओशट), पचल्यावर मधुर. मिरी रूक्ष (कोरडी), पचल्यावरही तिखटच. पिंपळीचं तर विशेषच! ओली असताना थंड, जड, कफ वाढवणारी. वाळली की उष्ण आणि कफ कमी करणारी. नुसत्या चवीवर औषध बदललं की फसगत होते ती इथेच.

चरकसंहितेत कामानुसारही गट आहेत : 50 महाकषाय, प्रत्येकात 10 द्रव्यं. पिंपळी दीपनीय (भूक वाढवणाऱ्या) गटात येते, तशीच कासहर (खोकला कमी करणाऱ्या) गटातही.