पहिली हिमनदी गंगोत्री नको, बाल्टोरो घ्या

उपग्रहाच्या रडार चित्रांवरून हिमनदीचा वेग मोजायला तुम्ही गंगोत्रीपासून सुरुवात करणार म्हणता. उत्साह टिकवा, पण सुरुवात काराकोरमच्या बाल्टोरोपासून करा. तिचा मधला भाग वर्षाला शंभर मीटरहून जास्त सरकतो आणि प्रवाह साधारण पूर्व-पश्चिम आहे; बाजूला तिरकं बघणाऱ्या रडारला ही दिशा चांगली दिसते. संथ गंगोत्रीवर नवख्याला खरा वेग आणि गोंगाट वेगळे करणं फार जड जातं.

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची चित्रं आणि ती हाताळायचं स्नॅप हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. एकाच कक्षेतली, १२ दिवसांच्या अंतराची दोन चित्रांची हिवाळी जोडी निवडा. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पृष्ठभागाची ओळखच बदलते.

नवे लोक इथे चुकतात:
- थेट इंटरफेरोमेट्रीला (दोन चित्रांतल्या रडार लहरींच्या टप्प्यातला फरक मोजायची पद्धत) हात घालतात. लहर ५.६ सेंटिमीटरची, बर्फ १२ दिवसांत काही मीटर पुढे, दोन चित्रांचा मेळ तुटतो. ऑफसेट ट्रॅकिंग वापरा, म्हणजे पृष्ठभागावरच्या खुणा दोन चित्रांत किती सरकल्या ते मोजा.
- आजूबाजूचा खडक तपासत नाहीत. तिथे वेग शून्याजवळ यायलाच हवा. जेवढा दिसेल, तेवढी तुमची चूक. नकाशा कितीही देखणा असो, ही तपासणी झाल्याशिवाय मी तो मानत नाही.
- उंच कड्यांच्या आड, जिथे रडार पोचत नाही, त्या सावलीतले आकडे खरे धरतात. ते नकाशातून सरळ झाका.

त्रिमितीय वेगाचं आत्ता डोक्यात घेऊ नका. पहिली जोडी झाली की खडकावरचे आकडे इथे टाका, बघू.