शिशाचा पत्रा घेऊ नका, मी घेऊन बसलो होतो

भाऊ, भाचीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मंगळावर जाणाऱ्या यानाचं मॉडेल करताय अन् किरणोत्सर्ग अडवायला शिशाचा पत्रा यवतमाळात कुठं मिळेल, किती जाड घ्यावा हे विचारलंय. वाचून हसूच आलं. याच पत्र्यानं माझ्या शाळेची पोट्टी बुडवली होती.

आम्हाला नुसतं मॉडेल नको, मोजमाप पण पाहिजे होतं. एका सरकारी ऑफिसच्या कपाटात गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) पडून आहे असं कळलं, म्हणून अर्ज दिला, मग मुख्याध्यापकांचं पत्र आणा, मग साहेब दौऱ्यावर, मग वरून परवानगी, एसटीनं पाच चकरा झाल्या अन् सहाव्या वेळी सांगतात का मशीन बंद आहे, सेल नाहीत. सेल! दोन महिने गेले बाप्पा. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी स्वतःचा काउंटर दिला.

घरी गॅसबत्तीची जुनी जाळी होती, तसल्या जाळीत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं. काउंटरसमोर धरली की टकटकटकटक, मध्ये शिसं घातलं की एखादीच टक. वहीचं प्लास्टिक कव्हर घातलं तर फारसा फरक नाही. झालं, शिसंच राजा म्हणून चार्ट रंगवला. प्रदर्शनात परीक्षक मॅडमनं एवढंच विचारलं, "अंतराळात जाळीतले किरण येतात का प्रोटॉन?" पोट्टी माझ्याकडं पाहतात, मी मंडपाकडं.

चूक तिथंच होती. एक्स-रे, गॅमा अडवायला शिसं बेस्टच. पण अंतराळात येतात ते बहुतांश प्रोटॉन, अन् थोडे लोखंडासारखे जड अणुकेंद्रक, लय वेगात. ते शिशाच्या भल्यामोठ्या केंद्रकावर आदळले का त्याचेच तुकडे अन् न्यूट्रॉन उडून आत येतात. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, त्याचे तुकडे काय होणार? शिवाय किलोमागं इलेक्ट्रॉन त्याच्यातच सगळ्यात जास्त, अन् येणाऱ्या कणाचा वेग तेच खातात. म्हणून अंतराळ स्थानकात झोपायच्या जागेला पॉलिथिलीन, म्हणजे हायड्रोजन भरपूर असलेलं प्लास्टिक, लावलंय.

कोणी म्हणेल गुरू ग्रहाकडं गेलेल्या जूनो यानाला तर टायटॅनियमची पेटी आहे. आहे, साधारण 1 सेंटिमीटर जाड, पण ती आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी, अन् तिथं मोठा त्रास इलेक्ट्रॉनांचा आहे. शिसं तिथंही नाही घेतलं, उड्डाणाचे हादरे सोसायला ते फार मऊ.

चार्टवर टाकायला: नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीनं तिकडं जायच्या वाटेवर रोज साधारण 1.8 मिलिसिव्हर्ट मोजले, छातीचे 18 एक एक्स-रे समजा, रोज. अन् ऑगस्ट 1972 चं सौरवादळ अपोलो 16 अन् 17 या चंद्रमोहिमांच्या मधात आलं, वर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. असल्या वादळात पाणी अन् सामानाच्या थैल्या भोवती रचून मधात बसायचं, असाच बेत असतो. मॉडेलमध्ये तेवढी एक कोठडी दाखवा, माझ्या मते बाकी लाइटिंग-बिटिंगपेक्षा त्याला मार्क जास्त. (मी झेडपीचा मास्तर आहे, इस्रोचा नाही, परीक्षक कसा निघेल सांगता येत नाही.)

पॉलिथिलीन विकत आणू नका. तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई पाइप शेतात फुटका पडला असेल, तो पॉलिथिलीनचाच, तोच कापा. बोअरचा पीव्हीसी नको, त्यात जड क्लोरीन असतं अन् हायड्रोजन कमी.

अन् पत्रा मिळाला नाही म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी फोडून शिसं वितळवायला जाऊ नका. मी वितळवलं होतं, आईच्या चुलीवर. धूर विषारी असतो हे नंतर कळलं, ती कढई तेव्हापासून गोठ्यामागं पडून आहे.